मगदुमांच्या ट्रॅक्टरची शिंगं

"अगं, ह्यो खाईना की!" मामंजी म्हणाले.

मामंजी म्हणजे माझे सासरे, केरबा मगदूम. ते अंगणात ट्रॅक्टरपुढे उकिडवे बसले होते आणि तुपानं निथळणारी पुरणाची पोळी रेडिएटरच्या जाळीत बोटानं कोंबत होते. अर्धी पोळी आत गेली होती, अर्धी बाहेर लोंबत होती.

"मामंजी, जाळी बुजली तर इंजिन तापेल," मी दारातून म्हणाले.

"मग सणाच्या दिशी त्येला उपाशी ठिवू?"

"नुसता नैवेद्य दाखवला तर?"

"नैवेद्य देवाला. जनावरानं खायाच लागतंय. सदबा गुरवानं काय सांगितलंय, ऐकलंस न्हवं?"

ऐकलं होतं. सगळ्या माळेवाडीनं ऐकलं होतं. गेले आठ दिवस गावात दुसरा विषयच नव्हता.

बेंदूर हा आमच्या कोल्हापूरकडचा बैलांचा सण. त्या दिवशी बैलांना न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, पोळी चारतात आणि संध्याकाळी कर तोडतात. कर म्हणजे वेशीत दोन खांबांना आडवं बांधलेलं गवताच्या दोरखंडाचं तोरण, त्याला आंब्याचे डहाळे आणि मधोमध नारळ. ज्या घराचा मान, त्या घरचे बैल सगळ्यांत आधी त्यातून पळवायचे आणि कर तोडायचा. माळेवाडीत हा मान मगदुमांचा. किती वर्षांचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे शंभर सांगायचे.

त्या वर्षी मगदुमांकडे बैलच नव्हता. मी लग्न होऊन घरात आले आणि आठव्या दिवशी हौश्या गेला. त्याचं वय झालं होतं, तोंडात दात उरले नव्हते, पण मरायला त्यानं नेमका माझाच आठवा दिवस निवडला. जोडीदार गेल्यावर नंद्या एकटा औताला चालेना, म्हणून त्याला नणंदेच्या गावी धाडला. पुढं शेतीची कामं अडली तेव्हा माझ्या वडिलांनी तासगावकडचा एक जुना ट्रॅक्टर बघून दिला. म्हणजे घरातले बैल गेले ते मी आल्यावर, आणि ट्रॅक्टर आला तो माझ्या माहेराकडून. आता शंभर वर्षांचा मानही गेला असता तर माझ्या पायगुणाची चर्चा गावाला पुढची पन्नास वर्षं पुरली असती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून तोंडानं काही म्हणाल्या नव्हत्या. त्या नुसत्या माझ्या पावलांकडे बघायच्या.

वेशीजवळ राहणाऱ्या हिंदुराव चौगल्यांना हे आयतंच सापडलं. त्यांच्याकडे खिल्लार बैलांची देखणी जोडी होती आणि मानावर डोळा फार वर्षांपासून होता. त्यांनी चावडीवर विषय काढला, "जनावर न्हाई तर मान न्हाई." मामंजी म्हणाले, "ट्रॅक्टर हाय की." लोक पोट धरून हसले. मामंजी हसले नाहीत. मग वाद सदबा गुरवाकडे गेला. कर वळायचा आणि बांधायचा तो गुरवानं, त्यामुळे कराच्या बाबतीत त्याचाच शब्द शेवटचा. सदबानं बराच वेळ डोळे मिटून विचार केला. तो झोपला होता असंही काही लोक सांगतात. मग डोळे उघडून त्यानं निकाल दिला: "ज्येची खांदमळणी झाली, ज्येला शिंगं हायत आन् ज्येनं पोळी खाल्ली, ते जनावर. दिवा लावायच्या आत त्येनं कर तोडला तर मान मगदुमांचा. न्हाई तोडला तर चौगल्यांची जोडी सुटंल, आन् मान कायमचा त्येंचा."

आदल्या दिवशी खांदमळणी झाली. ट्रॅक्टरचा खांदा कुठला, यावर मामंजी आणि हे यांच्यात तासभर वाद चालला. हे म्हणजे आमचे यजमान, आनंदा. गावच्या दूधसंस्थेत फॅट तपासायचे आणि दूध सोडून कशालाही हात लावायचा म्हटलं की घाबरायचे. शेवटी ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डांना हळद आणि लोणी चोळायचं ठरलं. अर्धा किलो लोणी गेलं.

शिंगं सुतारानं सागवानाची करून दिली आणि बॉनेटवर दोरीनं आवळून बांधली. शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या लागतात, त्या नंद्याबरोबर गेल्या होत्या. सुतारानं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, पाठीमागच्या फिरत्या दांड्यावरची टोपी उपसून काढली आणि ती एका शिंगाला ठोकली. दुसऱ्या शिंगाला खोकल्याच्या औषधाचं झाकण बसलं. सणाच्या सकाळपासून पाऊस लागला होता, म्हणून हे छत्री घेऊन शिंगांचा रंग राखत उभे होते. मामंजी शेजारीच भिजत होते.

"आता अंडी," मामंजी म्हणाले. बेंदराला बैलाला कच्ची अंडी पाजतात. ते अंड्यांची परडी घेऊन डिझेलच्या टाकीकडे निघाले तेव्हा मात्र मी पदर-बिदर विसरून आडवी आले.

"मामंजी, टाकीत नाही!"

"मग कुठं?"

"अंडी सदबामामांनी सांगितलेली नाहीत."

ते थांबले. मुद्दा बरोबर होता. अंडी परत घरात गेली.

तेवढ्यात मी धीर करून मनातलं बोलून घेतलं. "मामंजी, वेशीत ट्रॅक्टर मी नेऊ का?"

माझ्या माहेरी द्राक्षबाग. वडिलांचे गुडघे धरलेले, त्यामुळे सोळाव्या वर्षापासून औषधफवारणीचा ब्लोअर मीच ट्रॅक्टरला जोडून ओळींतून फिरवत आले होते. मामंजी ट्रॅक्टर शिकले होते ते विकणाऱ्या माणसाकडून, एका दुपारीत, आणि त्यातही मधे जेवण झालं होतं.

"तू?" मामंजी म्हणाले. "बाईमाणसानं कर तोडायचा? आन् मी काय करू, आरती वोवाळू? चाळीस वर्सं बैल हाकल्यात मी. ह्येची तर शेपूटबी पिरगळायला लागत न्हाई."

"मग दोन गोष्टी ऐकून तरी घ्या. वेशीच्या वळणाला चिखल आहे. एक चाक घसरलं की ट्रॅक्टर सगळा जोर त्या घसरणाऱ्या चाकालाच देतो. घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं उभं राहतं."

"ह्यो कुठला न्याय? कामचुकारालाच पेंड?"

"तसंच आहे. म्हणून उजव्या टाचेजवळ हे छोटं पायडल आहे, डिफरेन्शियल लॉक. ते दाबलं की दोन्ही चाकं एका जुवाला बांधल्यासारखी बरोबर चालतात. पण दाबलेलं असताना वळायचं नाही, वळतच नाही. चिखलातून निघालं की लगेच पाय काढायचा. आणि हा डावीकडचा दांडा पीटीओचा, याला तर हातच–"

"पुरं," मामंजी म्हणाले. "आदी भाकरी पातळ थापायला शीक."

मामंजींचा हा स्वभावच. घरात आल्यापासून माझं एकही काम त्यांच्या टोकण्यातून सुटलं नव्हतं. भाकरी जाड, चहा गोड, बादली आडवी, हसणं मोठं. मी पोळीचा लोंबता अर्धा भाग जाळीतून हळूच काढून घेतला.

दिवस कलायच्या आधी मिरवणूक निघाली. पुढे हलगी, मागे शिंगं लावलेला ट्रॅक्टर, त्यावर फेटा बांधून ताठ बसलेले मामंजी, बाजूला छत्री धरून पळणारे हे, आणि त्यांच्या मागे सगळ्या बायकांत मी. गावच्या बैलजोड्या मागून चालल्या होत्या आणि पुढच्या ह्या भावकीतल्या नव्या पाहुण्याकडे संशयानं बघत होत्या. ओढ्याकडून येणारा रस्ता गुरवाच्या पडवीपाशी उजवीकडे वळतो आणि समोर वेस. वळलंच नाही तर सरळ समोर हिंदुराव चौगल्यांचा उकिरडा. वेशीच्या एका खांबाशी स्वतः हिंदुराव उभे होते. डोक्यावर लाल कोल्हापुरी पटका, शेमला पाठीवर सोडलेला. हा पटका त्यांच्या वडिलांना कुस्तीच्या मैदानात मिळालेला. वर्षातून एकदा, बेंदरालाच तो डोक्यावर चढायचा.

वळणाच्या अलीकडे दहा पावलांवर ट्रॅक्टरचं उजवं चाक चिखलात बसलं.

मामंजींनी गॅस वाढवला. उजवं चाक गरगर फिरलं आणि मागे चालणाऱ्या आम्हा बायकांवर चिखलाचा फवारा उडाला. डावं चाक हललंही नाही. मामंजींनी गिअर बदलला, पुन्हा फवारा. हलगी बंद पडली.

"केरबाअण्णा, जनावर बसलं की वो!" हिंदुराव खांबापासून ओरडले. "शेपूट पिरगळा!"

माणसं हसायला लागली. पडवीत सदबा गुरव समईत वात सारत होता. "लावू का दिवा?" त्यानं विचारलं.

"थांब रं!" मामंजी ओरडले आणि हाताला येईल ते ओढायला लागले. पायाच्या बाजूला बघतील तर शपथ. शेवटी त्यांचा हात डावीकडच्या पीटीओच्या दांड्यावर गेला. त्यावर दोन आकडे लिहिले होते, एका टोकाला ५४०, दुसऱ्या टोकाला १०००, आणि मधे ठेवला की बंद. मामंजींनी सरळ हिशोब केला: मोठा आकडा, मोठा जोर. दांडा हजारवर गेला.

आता हे सांगायला हवं की पीटीओचा आणि चाकांचा काडीचाही संबंध नसतो. ट्रॅक्टरच्या पाठीमागे वीतभर लांब एक लोखंडी दांडा असतो, खाचांचा. त्याला रोटर जोडा, ब्लोअर जोडा, मळणीयंत्र जोडा, तो ते फिरवतो. पाचशे चाळीस म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, हजार म्हणजे हजार फेरे. फेरे वाढतात म्हणून ट्रॅक्टर चिखलातून निघत नाही. तेव्हा झालं एवढंच की चाक होतं तिथंच राहिलं आणि पाठीमागे तो उघडा दांडा भिंगरीसारखा फिरायला लागला. गुरवाचं कुत्रं त्याच्यासमोर येऊन जीव खाऊन भुंकायला लागलं.

"आणि जोर लावा, अण्णा! कुत्रं भ्यालं!" हिंदुराव म्हणाले.

सदबानं काडेपेटी हातात घेतली. माझ्या शेजारी आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पावलांकडे बघितलं. मला तेवढं पुरलं. मी पदर कमरेला खोचला आणि चिखलातून धावत जाऊन ट्रॅक्टरवर चढले.

"मामंजी, सरका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हिंदुरावांकडे बघितलं, सदबाच्या काडेपेटीकडे बघितलं. मग उजव्या मडगार्डावर सरकले. मडगार्डाला कालचं लोणी होतं. ते थेट पलीकडे घसरले आणि कसेबसे धरून बसले.

मी क्लच दाबला, पीटीओचा दांडा हजारवरून खस्सकन मागे ओढून टाकला, पहिला गिअर घातला, टाचेनं लॉकचं पायडल दाबलं आणि क्लच हळूच सोडला. डावं चाक जागं झालं. दोन्ही चाकं एकदमच चिखल चावायला लागली आणि ट्रॅक्टर डुलत डुलत वर आला. हलगी कडाडली. बायकांनी ओरडा केला. आयुष्यात मला इतकं भारी कधी वाटलं नव्हतं, आणि पुढची चार पावलं तसंच वाटत राहिलं.

मग मी पाय काढला आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. पुढची चाकं वळली, ट्रॅक्टर वळला नाही. खाली बघते तर पायडलवर मामंजींची वहाण.

"मामंजी, पाय काढा!"

"का म्हणून? ह्येच्यानंच तर निघाला!"

"दाबल्यावर वळत नाही!"

"ऱ्हाऊ दे! पुन्ना बसंल!"

ते दोन्ही हातांनी मडगार्ड आणि सगळ्या वजनानं पायडल धरून बसले होते. त्या वजनापुढं माझं काय चालणार? ट्रॅक्टर वेशीकडे न वळता सरळ पुढे गेला आणि शिंगांसकट हिंदुरावांच्या उकिरड्यात घुसला. मी ब्रेक लावला तेव्हा बॉनेट शेणखतात होतं.

"एक शिंग मोडलं!" हिंदुराव लगेच ओरडले. "जनावर बाद!"

सगळे सदबाकडे बघायला लागले. सदबा म्हणाला, "एकशिंगी बैल असतोय. माझ्या मेव्हण्याकडं हाय." त्यानं पुन्हा आभाळाकडे बघितलं. "पर बिगीबिगी करा."

पुढे जायला जागा नव्हती. वेस आता उजव्या हाताला मागे राहिली होती, पन्नास पावलांवर. मी मामंजींना म्हणाले, "पाय काढा, नाहीतर मी उतरते." हे वाक्य मी सासऱ्यांना बोलले यावर माझा आजही विश्वास बसत नाही. त्यांनी पाय काढला. मी रिव्हर्स घातला आणि मान मागे वळवून वेशीकडे ट्रॅक्टर घेतला.

"उलटा?" हिंदुराव किंचाळले. "उलटा कर कोन तोडतंय?"

"तोंडानं तोडायचा का पाठीनं, ते सदबामामांनी सांगितलेलं नाही," मी ओरडून म्हणाले.

सदबानं विचार केला. "न्हाई सांगितलं," तो म्हणाला.

पावसानं भिजून कर मधोमध गुडघ्यापर्यंत खाली लोंबला होता. मला वाटलं, ट्रॅक्टरची पाठ लागली की तटकन तुटेल आणि विषय संपेल. पाठ लागली. तटकन असा काही आवाज झाला नाही. खर्रर्र असा आवाज झाला.

तो उघडा दांडा अजून फिरत होता. त्यानं आधी आंब्याचे डहाळे धरले, मग दोरखंड धरला, आणि रहाटानं पोहरा ओढावा तसा सगळा कर आत ओढायला सुरुवात केली. नारळ फुटला आणि त्याच्या चिंधड्या पहिल्या रांगेवर उडाल्या, त्यामुळे प्रसाद वेगळा वाटावा लागला नाही. ओल्या जमिनीतले दोन्ही खांब मुळ्यासारखे उपटून आले. "खांब धरा, खांब!" म्हणत हिंदुराव पुढे धावले, वाकले, आणि त्यांच्या पटक्याचा शेमला डहाळ्यांत अडकला.

पटका उलगडायला लागला तसे हिंदुराव जागच्या जागी फिरायला लागले. डोकं वाचवायचं तर तोच एक मार्ग होता. एक फेरा, दोन फेरे, तीन फेरे. पाचव्या फेऱ्याला पटका संपला आणि ते चिखलात मट्कन बसले. तोवर मी क्लच पुरता दाबला होता. दांडा थांबला. मी इंजिन बंद केलं.

हिंदुरावांना पूर्ण टक्कल आहे हे त्या दिवशी गावाला कळलं. सणाच्या दिवशी, भर वेशीत, उघड्या डोक्यानं बसायची पाळी त्यांच्यावर आली होती. त्यांनी दोन्ही तळवे डोक्यावर ठेवले.

मी डावीकडे बघितलं. पीटीओचा दांडा ५४० वर होता.

म्हणजे मी तो हजारवरून ओढला खरा, पण मधे थांबवायचं सोडून ताकदीनं थेट पलीकडच्या टोकाला नेला होता. बागेत सात वर्षं ब्लोअर चालवलेली मी! चूक झाली असं म्हणाले असते तर पुढचं सगळं मला तोंडपाठ होतं. बैल खाल्ले, मान खाल्ला, आणि वर चौगल्यांचा पटका.

"ह्ये मुद्दाम केलंस तू!" हिंदुराव खालूनच ओरडले.

"होय," मी म्हणाले. आवाज कुठून आला देव जाणे. "मुद्दाम पाचशे चाळीसवर ठेवला होता. हजारवर असता तर पटक्याबरोबर तुम्हीपण आत आला असता."

गर्दीतून "आयला!" असा आवाज आला. त्यात कौतुक होतं.

सदबा गुडघ्यावर बसून ट्रॅक्टरच्या पाठीशी वाकला. दोरखंडाचे वेढे बोटांनी चाचपत त्यानं बराच वेळ घेतला. "कर तुटल्याला न्हाई," तो म्हणाला. "सगळा साबूत हाय. गुंडाळलाय नुसता."

हिंदुराव उठले. "मग सोडा माझी जोडी! मान माझा!"

"कशातनं सोडू? कर हितं अडकलाय."

"मग काढा त्यो, आन् बांधा पुन्ना! आन् माझा पटका द्या आदी!"

मी खाली उतरून बघितलं. शेमला आत ओढला गेला तो वेढ्यांच्या मधोमध. खाली दोर, मधे पटका, वर पुन्हा दोर, आणि सगळं पाण्यानं फुगून घट्ट बसलेलं. ते बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी शेजारच्या बाईकडून विळा मागून घेतला.

"हिंदुरावमामा," मी पदर नीट डोक्यावर घेऊन म्हणाले, "दोन्ही एकमेकांत आवळलंय. कर अखंड राखायचा तर पटका कापून काढावा लागेल. पटका राखायचा तर कर कापावा लागेल. बोला, काय कापू?"

त्यांनी डोक्यावरचे तळवे आणखी घट्ट दाबले.

"हळूहळू हातानं उलगडलं तर दोन्ही निघेल की," छत्रीखालून हे म्हणाले.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. हे छत्रीमागे गेले.

"न्हाई निघत," मामंजी मडगार्डावरून म्हणाले. अगदी शांतपणे. "मी बघितलंय. आजाबात निघत न्हाई."

हिंदुरावांनी आपल्या बैलांकडे बघितलं. जोडी खरंच देखणी होती. मग दोरखंडातून डोकावणाऱ्या लाल पटक्याकडे बघितलं. मग गावाकडे, आणि गाव त्यांच्या डोक्याकडे बघत होतं. पावसाचं पाणी त्यांच्या बोटांमधून कानांवर ओघळत होतं. सदबानं काडी ओढली, ती विझली. दुसरी काढली.

"काप," हिंदुराव पुटपुटले.

"काय कापू?"

"कर काप की गं बाई! आता काय दवंडी पिटू?"

मी विळा घातला. दोन घावांत वेढे सुटले. पटका चिंब आणि चुरगळलेला, पण अखंड निघाला. हिंदुरावांनी तो तसाच डोक्याला गुंडाळला आणि त्यांची उंची लगेच चार बोटं वाढली.

"तुटला!" सदबा ओरडला. "जनावराच्या शेपटीवर तुटला! मान मगदुमांचा!" आणि त्यानं समई पेटवली.

मामंजी मडगार्डावरून उतरले नाहीत. "चल," एवढंच मला म्हणाले. घरापर्यंत ट्रॅक्टर मीच नेला. दारात आत्याबाईंनी पुढच्या चाकांवर पाणी ओतलं, उरलेलं माझ्या चिखलानं भरलेल्या पायांवर ओतलं, आणि मग ओवाळलं. त्या रात्रीच्या जेवणात मामंजी माझ्या भाकरीबद्दल काही बोलले नाहीत.

याला आता वीस वर्षं झाली. त्या एका खोट्यावर माझं गावात बस्तान बसलं. कुणाचा रोटर आवाज करतोय, कुणाचं लॉक सुटत नाही, कुणाला ब्लोअरला किती फेरे ठेवायचे ते कळत नाही, सगळे माझ्याकडे येतात. हिंदुरावमामांच्या सुनेला ट्रॅक्टर मीच शिकवला. शिकवताना पीटीओ मधे आणला का, हे मी प्रत्येकीला तीनतीनदा बघायला लावते. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या बेंदराला मामंजी ओसरीवर बसले होते. वय ब्याऐंशी, कान चांगले, गुडघे गेलेले. मी त्यांना चहा दिला आणि का कोण जाणे, बोलून गेले.

"मामंजी, एक सांगू? त्या वर्षी कर मी मुद्दाम गुंडाळला नव्हता. दांडा ओढताना मधे थांबला नाही. चुकून पाचशे चाळीसवर राहिला."

"ठाव हाय," मामंजी म्हणाले.

"ठाव हाय म्हणजे?"

"तू वडलास तवा मी बघतच हुतो की. मधी न्हाई थांबला, पल्याड गेला. मागनं आवाज येत हुता, कुत्रं भुकत हुतं. उकिरड्यात गेलो तवाबी फिरतच हुता त्यो."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का? शंभर वर्षांचा मान होता!"

मामंजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"तीन म्हयने तू घरात खाली मान घालून फिरत हुतीस. त्या दिशी पयल्यांदा मान वर करून बसलीस," ते म्हणाले. "म्हटलं, गेला तर जाऊ दे मान. आज हिला टोकायचं न्हाई."